छाननी सुरू आहे

सतराव्या दिवशीही फोनच्या पडद्यावर तेच वाक्य होतं. 'आपला अर्ज प्राप्त झाला आहे. छाननी सुरू आहे.' नंबरकाकांच्या मुलीने ते वाचलं, फोन पालथा घातला आणि समोरचं ताट बाजूला सारलं.

"अगं, दोन घास तरी खा," आई म्हणाली.

"भूक नाही."

"काल पण नव्हती."

"काल पण छाननीच सुरू होती."

नंबरकाका समोर बसून गुपचूप जेवत होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, सव्वीस वर्षांचं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कुणाच्या डाव्या डोळ्याला किती आणि उजव्याला किती हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. म्हणून सगळे त्यांना नंबरकाका म्हणत. अशा माणसाच्या पोटी दगड गोळा करणारी मुलगी जन्माला आली होती. खिडकीत दगड, कपाटात दगड, एकदा तर डाळीच्या डब्यातही दगड. तिला भूशास्त्रच शिकायचं होतं. तिने पाच कॉलेजांत अर्ज केले होते. दोन ठिकाणांहून नकार आला, दोन ठिकाणी नाव प्रतीक्षायादीत पडलं. पाचव्या कॉलेजचं काही कळत नव्हतं, आणि दगड नीट शिकवायचे ते त्या पाचव्यातच. यादी येत्या सोमवारी लागणार होती. आज बुधवार होता.

"मी जरा चौकशी करू का?" नंबरकाकांनी हळूच विचारलं.

उठून निघालेली मुलगी दारात थबकली. "बाबा, नाही. काहीही करायचं नाही."

"करत कुठे काय? फक्त चौकशी."

"पाण्याच्या मीटरची पण तुम्ही फक्त चौकशीच केली होती."

मीटर जोरात पळतो म्हणून नंबरकाकांनी नऊ वेळा चौकशी केली होती, आणि दहाव्या वेळी दोन माणसं येऊन मीटरच काढून घेऊन गेली होती. पुढचे अकरा दिवस घरात पाणी नव्हतं.

"नाही करत," ते म्हणाले. ते म्हणाले तेव्हा खरंच तसंच ठरलेलं होतं. पण दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि रिकामा बसलेला बाप ही फार धोक्याची गोष्ट असते. मुलीने अर्ज क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. तो त्यांनी सकाळीच एका पावतीच्या मागे पेन्सिलीने उतरवून घेतला होता. उगाच, जवळ असावा म्हणून.

फोन लागला. एक बाई म्हणाली की, आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि मग वाजंत्री सुरू झाली. दहा मिनिटांनी एक आजोबा डोळे तपासायला आले. नंबरकाकांनी फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला आणि आजोबांना अक्षरांच्या फळ्यासमोर बसवलं. आजोबा पहिल्या तीन ओळी वाजंत्रीच्या ठेक्यावर वाचून गेले. चौथ्या ओळीला ठेका बदलला आणि ते अडखळले. नंबरकाकांना कळेना की दोष डोळ्यांचा आहे की तालाचा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. तेवढ्यात फोनमधून खराखुरा आवाज आला.

"अर्ज क्रमांक सांगा."

नंबरकाका धावले. डोळ्यांवर होता तो आजोबांसाठी काढलेला चष्मा, स्वतःचा कपाळावर होता. पावती हाताला लागली आणि त्यांनी घाईने वाचलं, "तीन, चार, शून्य, नऊ, सात."

"आपण कोण?"

"वडील."

"थांबा हं. शेरा आहे इथे. फोटो अस्पष्ट. नवीन फोटो घालावा लागेल."

"म्हणजे त्याच्यामुळे अडलंय?"

"त्याच्यामुळेच अडलंय. वडिलांशी बोलणं झालं अशी नोंद करते. बदलाल ना?"

"आत्ताच्या आत्ता बदलतो!" नंबरकाका म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला. सतरा दिवस पोरगी जेवत नव्हती, आणि एका फोनचं काम होतं. आजोबांना त्यांनी तपासणी फुकट करून दिली.

अर्ज भरताना मोबाईल नंबर त्यांचाच दिला होता, त्यामुळे अर्ज क्रमांक न घालताच, नुसत्या मोबाईल नंबरावर आत शिरायचा सहा आकडी ओटीपी त्यांच्याच फोनवर आला. आत फोटो होता. बारीक, टपालाच्या तिकिटाएवढा. त्यांना तो स्वच्छ दिसला, पण आपली मुलगी आपल्याला स्वच्छ दिसणारच, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या फोनमधला एक झकास फोटो निवडला. गच्चीवरचा, हसरा. शेजारी तिचा मामा होता. मामाला त्यांनी कापून काढलं. मामा तसा सगळा निघाला, फक्त एक कान मुलीच्या खांद्यावर राहिला. तो काही केल्या निघेना. लांबून पाहिलं तर पदकासारखा वाटत होता.

'दुरुस्तीसाठी अर्ज उघडायचा आहे का?' पडद्याने विचारलं. हो.

'आपली खात्री आहे का?' हो, हो!

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग अक्षरं आली. 'आपला अर्ज आज प्राप्त झाला आहे. छाननी सुरू आहे. रांगेतील आधीचा क्रमांक : ११. नवीन क्रमांक : ३१८२.'

नंबरकाकांनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग त्यांनी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं आणि स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवायला घरी आल्यावर, मुलगी वाचनालयात गेलेली पाहून, त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळी लाटत ऐकत होती. शेवटी तिने लाटणं ठेवलं, हात पुसले आणि पावती मागितली.

"हा कुठला आकडा?"

"नऊ."

"सहा आहे हा."

"नऊ आहे गं. मीच लिहिलाय."

"तुम्ही लिहिलाय म्हणूनच सांगते. बावीस वर्षं तुमच्या चिठ्ठ्या वाचतेय मी. तुमचा सहा मान खाली घालतो आणि नऊ मान वर करतो. हा खाली घातलेला आहे." तिने कॅलेंडरचं पान उलटून समोर धरलं. तीन, चार, शून्य, सहा, सात.

नंबरकाकांनी पावती उलटी-सुलटी धरून पाहिली. म्हणजे अस्पष्ट फोटो भलत्याच कुणाचा होता. आपल्या मुलीचा फोटो ठणठणीत होता. तिचा नंबर अकरावा होता. आज ना उद्या लागलाच असता.

"तिला सांगायचं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा. मी तेव्हा माहेरी असेन."

मुलगी आली, तिने फोन पाहिला. 'छाननी सुरू आहे.' नेहमीचंच वाक्य होतं, तिला काही वेगळं वाटलं नाही. खालची बारीक अक्षरं वाचण्याइतकी उमेदच तिच्यात उरली नव्हती. ती म्हणाली, "मला वाटतं नाहीच होणार. मी कुठेतरी टायपिंगचं काम बघते." आणि दगडांची खिडकी लावून घेतली. तेव्हा मात्र नंबरकाकांना आत काहीतरी तुटल्यासारखं झालं.

शुक्रवारी सकाळी ते कॉलेजच्या खिडकीसमोर उभे होते. दुकानाची पिशवी खांद्याला होती, कारण वाटेत दोन चष्मे पोचवायचे होते. रांगेत पुढे चाळीसेक माणसं होती. पंखा एक होता आणि तो खिडकीच्या आत होता.

त्यांच्या पुढे एक बाई होत्या. शिवणकाम करणाऱ्या असाव्यात, कारण गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. त्या दर दोन मिनिटांनी हातातला कागद उघडत, वाचत आणि घडी घालत.

"मुलीसाठी?" त्यांनी नंबरकाकांना विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मुलासाठी. पण आमचं प्रकरण जरा निराळंच आहे." बाईंनी आवाज खाली आणला. "काल फोन केला तर ती मुलगी म्हणते, बुधवारी तुमच्या मिस्टरांशी बोलणं झालं. फोटो आत्ताच्या आत्ता बदलतो म्हणाले."

"मग?"

"मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झाली."

"आणि होते तेव्हा सुद्धा," बाई म्हणाल्या, "फोन म्हणून कधी उचलला नाही हो त्यांनी. मी म्हटलं, बाई, चूक असेल. तर म्हणते, नाही नाही, नोंद आहे. वडील. फार आनंदात होते म्हणते." बाईंनी टेपेचं टोक बोटाला गुंडाळलं. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. खोटं कशाला सांगू, बरं पण वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, पोराच्या कामाला आले."

"तुमचा अर्ज क्रमांक," नंबरकाकांनी विचारलं, आणि उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं, "तीन चार शून्य नऊ सात?"

बाईंनी चमकून मागे पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

आता गप्प बसणं शक्य होतं. रांग लांब होती, चेहरा अनोळखी होता. पण त्या बाईंच्या डोळ्यांत रात्रभराचं जागरण होतं, आणि नंबरकाका आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांतच बघत आले होते. त्यांनी सगळं सांगितलं. पावती, पेन्सिल, सहा, नऊ, मामाचा कान.

बाईंनी बोटाची टेप सोडवली. मग म्हणाल्या, "म्हणजे ते तुम्ही."

"मी. माफ करा."

"तरीच. 'आत्ताच्या आत्ता' हा शब्दच आमच्याकडचा नव्हता." आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. नंबरकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रांग पुढे सरकली. खिडकीमागे पन्नाशीचे एक लिपिक होते. एकेक माणूस पुढे जाई, लिपिक कागद हातात घेत, लांब धरत, आणखी लांब धरत, मान मागे नेत आणि म्हणत, "फोटो अस्पष्ट." माणूस मागे फिरे. पुढचा जाई. "फोटो अस्पष्ट." एक गृहस्थ रडवेले होऊन म्हणाले, "साहेब, तिसऱ्यांदा काढलाय हो! स्टुडिओवाला मला ओळखेनासा झालाय." लिपिकांनी तो फोटो दिव्यापुढे धरला. "अस्पष्ट म्हणजे अस्पष्ट. चूक तुमची आहे."

गृहस्थ परत जाताना नंबरकाकांनी तो फोटो पाहिला. मुलाच्या भुवयांचे केस मोजता आले असते.

मग त्यांनी लिपिकांकडे पाहिलं. हात पूर्ण लांब. हनुवटी वर. कपाळाला आठ्या. नाकावर जो चष्मा होता त्याची घडण दहा वर्षांपूर्वीच दुकानांतून गेली होती. इतका वेळ ते या खिडकीसमोर बाप म्हणून उभे होते. आता पहिल्यांदाच ते दुकानदारासारखे पाहू लागले.

बाईंचा नंबर आला. "तीन चार शून्य नऊ सात," त्या म्हणाल्या. लिपिकांनी पडद्यावर नाक टेकवलं. "फोटो—"

"साहेब," नंबरकाका बाईंच्या खांद्यावरून म्हणाले, "वर्तमानपत्र वाचता का तुम्ही?"

"काय संबंध?"

"वाचता का?"

"वाचत होतो. हल्ली छपाई फार खराब करतात."

"आणि जेवताना? भातातला खडा दिसतो?"

लिपिक ओशाळले. "हल्ली तांदूळही..." ते म्हणाले, आणि थांबले.

नंबरकाकांनी पिशवीतून वाचायचा एक तयार चष्मा काढला आणि खिडकीच्या फटीतून आत सरकवला.

"हे काय? लाच?"

"नाही हो. नुसता घालून बघा. परत द्या."

लिपिकांनी इकडेतिकडे पाहिलं, जुना चष्मा काढला, नवा चढवला आणि पडद्याकडे पाहिलं. मग ते काही बोलेचनात. त्यांनी हाताचं बोट पाहिलं. टेबलावरची शाई पाहिली. परत पडद्याकडे वळले. "अरे," ते हळूच म्हणाले, "या मुलाला तीळ आहे की गालावर!"

"उजव्या," बाई म्हणाल्या. "वडिलांसारखा."

शिक्का पडला. बाईंनी कागद छातीशी धरला, पण गेल्या नाहीत. बाजूला सरकून उभ्या राहिल्या. नंबरकाकांना वाटलं, आपलंही आता झालंच. त्यांनी छाती पुढे काढून क्रमांक सांगितला, या वेळी सहा नीट उच्चारून.

लिपिकांनी नव्या चष्म्यातून पाहिलं. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हा कान कुणाचा?"

नंबरकाकांनी पिशवीचा बंद सारखा केला.

"खांद्यावर कान आहे. केसाळ आहे. मुलीचा नाही."

अर्ध्या तासापूर्वी हा कान या माणसाला दिसलाच नसता. चष्मा आपणच दिला होता. नंबरकाकांनी खिडकीच्या गजांना धरलं आणि सगळं दुसऱ्यांदा सांगितलं, आता लिपिकांना. शेवटी म्हणाले, "माझ्यामुळे तिचा अकरावा नंबर गेला, साहेब. ती जेवत नाही. टायपिंग करते म्हणते. मला शिक्षा करा, पण तिला तिची जागा परत द्या."

लिपिकांनी चष्मा नाकावर सारखा केला. "जुना क्रमांक परत द्यायचा एकच रस्ता आहे. इथे एक खूण करावी लागते. 'कार्यालयाची चूक'."

"मग करा ना!"

"बावीस वर्षांत कुणी केलेली नाही." ते त्या शब्दांकडे बघत राहिले. "आज मला कळतंय की पुष्कळदा करायला हवी होती." मग आवाज बदलून म्हणाले, "मुलीला बोलवा. साधा फोटो घेऊन. कानाशिवाय. म्हणजे तिचे असू देत."

नंबरकाकांनी फोन लावला. "एक फोटो घेऊन कॉलेजात ये."

"कुठल्या कॉलेजात?" पलीकडून आवाज चढला. "बाबा! तुम्ही तिथे काय करताय?"

त्यांनी फोन बंद केला. पाऊण तासाने ती आली, केस विस्कटलेले, श्वास लागलेला. फोटो खिडकीतून आत दिला. लिपिकांनी तो चढवला, पडदा तिच्याकडे वळवला. "बघ, बरोबर आहे?"

तिने पाहिलं. पडद्यावर ओळीने तीन फोटो होते: पहिला आणि शेवटचा तिचाच साधा, आणि मध्ये गच्चीवरचा, त्यात तिच्या खांद्यावर मामाचा कान होता. ती सावकाश वळली.

"माझा फोटो कुणी बदलला होता?"

नंबरकाकांनी तोंड उघडलं. शिवणकामवाल्या बाईंनी टेप घट्ट धरली. खिडकीमागे लिपिकांनी कळ दाबली आणि सरळ मुलीकडे बघून स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "चूक आमची आहे."

मुलीचा क्रमांक पुन्हा अकरा झाला. सोमवारी यादी लागली, तीत तिचं नाव होतं, आणि शिवणकामवाल्या बाईंच्या मुलाचंही होतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या क्षणी तिथे दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं.

ते वाक्य रांगेतल्या पहिल्या माणसाने ऐकलं. त्याने मागच्याला सांगितलं. मागच्याचा विश्वास बसला नाही, म्हणून त्याने त्याच्या मागच्याला विचारलं. बघता बघता ते वाक्य दरवाज्यापर्यंत गेलं, बाहेरच्या पायऱ्यांवर बसलेल्यांपर्यंत गेलं, आणि तिथून माणसांची लाटच्या लाट खिडकीवर आली.

"साहेब, आमच्यात पण तुमचीच चूक आहे!"

"माझा तिसऱ्यांदा परत पाठवलाय, तीही तुमचीच!"

"मागच्या वर्षीची चालते का हो चूक?"

नंबरकाका, बाई आणि मुलगी भिंतीला चिकटून उभी राहिली. पन्नास हात फटीतून आत शिरले होते, प्रत्येकात एक फोटो. लिपिकांनी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. रागावलेले, रडवेले, घामाघूम झालेले, एकेकाची पापणी सुद्धा स्वच्छ दिसत होती. इतके चेहरे त्यांनी त्या खिडकीतून कधीच पाहिले नव्हते.

त्यांनी शांतपणे नवा चष्मा उतरवला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला. मग जुना डोळ्यांवर चढवला, हात पूर्ण लांब केला आणि म्हणाले, "पुढचा कोण?"